काचेबाहेरचा पडदा

मी पडदा बोलतोय. बदलापूरच्या शिरगावात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत भर उन्हात टांगलेला. खालून येणारेजाणारे वर बघतात तेव्हा त्यांना वाटतं, कुणीतरी जुनी चादर वाळत घातलीय. पण मी मूळचा या घराच्या हॉलमधला, अगदी मानाचा.

माझा जन्म उल्हासनगरच्या कापडबाजारातला. या घरच्या प्रीतीने दुकानातले तागेच्या तागे उलगडायला लावले आणि शेवटी माझ्यावर हात ठेवला. दुकानदार हसून म्हणाला, "भाभी, पहले ये बोलतीं तो मेरा पसीना बचता." मोरपंखी रंग, जाड वीण, पाठीला पांढरं अस्तर. नव्या हॉलला पश्चिमेकडे भिंतच नाही, सगळे काचेचे सरकते दरवाजे. त्यांच्यासाठी मला शिवलं. पाहुणे आले की आधी माझ्याकडे बघायचे. मीही ऐटीत असायचो.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता प्रीतीचे सासरे, सुदामबाबा, जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आनंदनगरच्या कारखान्यात उभं आयुष्य भट्टीवर काढलेला हा माणूस पलंगावर आला. डॉक्टरांनी बजावलं, रोज वॉकर घेऊन चालायचं. आता पाय आखडले तर पुन्हा उभं राहणं अवघड. आतल्या खोलीत वॉकर वळत नव्हता, म्हणून बाबांचा पलंग हॉलमध्ये आला.

एप्रिल लागला आणि दुपारचं ऊन थेट काचांवर येऊ लागलं. प्रीती मला नीट ओढून घ्यायची, तरी खोली तापायचीच. पंखा गरम हवाच फिरवायचा. एसी होता, पण नेमकी दुपारी वीज गेली की तोही गप्प. बाबा चार पावलं टाकायचे आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसायचे. एक दिवस त्यांनी वॉकर बाजूला ढकलला.

"राहू दे प्रीती. झालं तेवढं पुरे."

प्रीतीचे डोळे भरले होते, ते दिसू नयेत म्हणून ती काचेकडे वळली. मला धरायला गेली तर तिचा हात माझ्या आणि काचेच्या मध्ये गेला. चटका बसल्यासारखा तिने तो मागे घेतला. मग पुन्हा घातला. अस्तर चाचपलं, काच चाचपली. मी तव्यासारखा तापलो होतो. ऊन मी अडवत होतो खरा, पण ते काचेच्या आत आल्यावर. माझ्यात साठलेली ती सगळी धग मी खोलीतच सोडत होतो.

संध्याकाळी तिचा नवरा मिलिंद कामावरून आला, तेव्हा तिने सांगितलं की पडदा काचेबाहेर लावायचा. त्याला पटेना. इतक्या हौसेने घेतलेला, धुळीने आणि उन्हाने त्याची वाट लागेल, आपण हिरवी जाळी शोधू, असं त्याचं म्हणणं.

"जाळी मिळेल तेव्हा मिळेल," ती म्हणाली. "पडदाही पुन्हा घेता येईल. बाबांचे पाय कुठून आणायचे?"

पलंगावरून बाबा ऐकत होते. कितीतरी दिवसांनी ते हसले. "भट्टीसमोर आम्ही पत्रा उभा करायचो, झळ अंगापर्यंत येऊच नये म्हणून. जन्मभर केलं आणि घरात मला सुचलं नाही. हिला सुचलं."

मिलिंदने गॅलरीच्या पार बाहेरच्या कडेला हुक ठोकले आणि मला वर गुंडाळायला एक दोरी लावली. आता माझ्या आणि काचेच्या मध्ये मोकळी हवा होती. वाऱ्याने मी फडफडायला लागलो, तेव्हा मला काढून आत नेलं; बाबांनी पलंगावर बसून माझी खालची कड मांडीवर घेतली, तिच्यात एक जुना पाइप घातला आणि दाभणाने शिवून टाकला. टाके वाकडेतिकडे, पण पक्के.

प्रीती पहाटे काचा उघडून गार हवा आत घ्यायची, ऊन चढायच्या आत बंद करायची, मला खाली सोडायची, गॅलरीच्या लाद्यांवर पाणी शिंपडायची. खोली काही महाबळेश्वर झाली नाही. पण काचेला हात लावता येऊ लागला, आणि बाबांनी वॉकर पुन्हा जवळ ओढला.

ते चालायचे तेव्हा प्रीती बाजूने चालायची. त्यांना धरायची नाही, नुसता हात जवळ ठेवायची. आधी टीव्हीपर्यंत, मग काचेपर्यंत. आणि मे सरता सरता एका दुपारी काच सरकली आणि बाबा एकटेच गॅलरीत आले. वॉकर आतच होता. पाय थरथरत होते. त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं. त्या म्हाताऱ्या देहाचा सगळा तोल त्या एका मुठीत होता. माझे हुक करकरले, पण सुटले नाहीत.

प्रीती स्वयंपाकघरातून धावत आली.

"पडत नाहीये गं," बाबा म्हणाले. "तुझा पडदा किती तापतो ते बघायला आलोय."

पावसाळ्यात मला घडी करून ठेवलं होतं. या उन्हाळ्यात पुन्हा टांगलंय. रंग पार उडालाय, कडा विरल्यात. आत नवा पातळ पडदा आलाय. हे फडकं अजून कशाला, असं शेजारणी विचारतात, तेव्हा प्रीती नुसती हसते. स्वतःच्या हौसेची वस्तू क्षणात उन्हात टांगणाऱ्या या बाईच्या घरी मी आलो, याचा मला फार अभिमान वाटतो.

तुमच्याकडे अशा मोठ्या काचा असतील तर एवढं करा, उन्हाला बाहेरच थांबवा. चटई चालेल, जुनी साडी चालेल. मी आणखी एखादा उन्हाळा काढेन, फार तर दोन.

ऊन उतरलंय. बाबा येतायत, काठीसुद्धा न घेता. आता दोरी ओढून मला वर गुंडाळतील, काचा सताड उघडतील आणि घरात वारा येईल.