बसव्वा नाचत गायली

चौऱ्याहत्तर साली आमच्या कॉलेजचा फुटबॉलचा सामना होता. आम्ही मुली एका कोपऱ्यात अंग चोरून बसलो होतो. आपला संघ मागं पडला तशी माझी मैत्रीण बसव्वा उठली, ओढणी कमरेला बांधली आणि हलगीच्या ठेक्यावर नाचायला लागली. पोरं आधी हसली, मग त्यांनी टाळ्यांचा ताल धरला, शेवटी आम्हीही उठलो. सामना हरलो, पण गावात चर्चा बसव्वाचीच.

त्या गर्दीत गणपतराव होते, सिनेमातली नृत्यं बसवणारे मास्तर.

"पोरी, कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाय. हलगी वाजली की पाय थांबत न्हाईत."

"मग उद्या स्टुडिओत ये."

तिचे वडील चनबसाप्पा जयसिंगपूरचे धान्याचे व्यापारी. कळल्याबरोबर तणतणत आले. "अप्पा, एक दिवस बसून बघा, मग बोला," ती म्हणाली. ते दिवसभर स्टुडिओत खुर्चीवर बसून राहिले आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले, "जेवायला बी सोडत न्हाईत व्हय गं तुम्हांस्नी?" तीच आम्ही परवानगी समजलो. 'आम्ही' अशासाठी, की तिच्या मागोमाग मीही समूहनृत्यात शिरले होते.

पुढं मास्तरांचे गुडघे धरले आणि गाणी बसव्वाच बसवू लागली. एका चित्रपटात मास्तरांनी हट्टानं तिचं नाव आपल्या नावाच्या आधी घालायला लावलं.

एकदा तालमीत टेपरेकॉर्डर बंद पडला. बसव्वा थांबली नाही. स्वतःच गाणं म्हणत तिनं आम्हांला नाचवलं. संगीतकार जोतीराम दारातच उभे राहिले. गिरकी घेतानाही तिचा सूर हलत नव्हता.

"एवढी वर्षं ही बाई गप्प का बसली?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

त्यांनी तिच्यासाठी लेझमीच्या चालीवर गिटार घालून गाणी बांधली. पहिल्या कार्यक्रमाला आयोजक म्हणाले, "गाणारी बाई माइकपुढं सरळ उभी राहते. नाचायला ह्या दुसऱ्या पोरी आहेत की."

बसव्वानं माइक स्टँडवरून काढून हातात घेतला. "तार तेवढी लांब द्या. उभं राहून मला गाता येत न्हाय."

पहिल्या गाण्याला पुढच्या रांगा ताठ बसल्या होत्या. टाळी नाही, काही नाही. मागं नाचताना मी एक गिरकी चुकले. बसव्वानं मात्र तार एका हातानं सावरत दुसरं गाणं त्याहून जोरात उचललं. ते संपलं तशी मधूनच एक म्हातारी ओरडली, "पुन्यांदा म्हण की गं!" आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. ते गाणं तिला तीनदा म्हणावं लागलं.

त्या गाण्यांची कॅसेट निघाली आणि वर्षभरात जोतिबाच्या दुकानांपासून पन्हाळ्याच्या हॉटेलांपर्यंत तिचाच आवाज ऐकू येऊ लागला. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी कंपनीला कव्हरवर तिचा एकटीचा फोटो हवा होता.

"नंदिनी आणि ह्या सगळ्या पोरी बी पायजेत," ती मला पुढं ओढत म्हणाली.

"एवढ्याशा कागदावर इतके चेहरे मावायचे कसे, बाई?"

"मग मला बारीक करा."

ती कॅसेट बाजारात आली, हातोहात खपली. तिच्यावर माझा चेहरा नखाएवढा आहे. बसव्वाचाही तेवढाच.