वाटूरची कढई आणि लिमची पत्तागोबी

मित्रांनो, मी वाटूरच्या चतुराबाईंच्या घरातली लोखंडी कढई. रंगानं काळी, अंगानं पसरट, आणि आता बुडाला जराशी बसलेली. माझ्यापेक्षा देखणी भांडी त्या घरात पुष्कळ आली आणि गेली. पण चतुराबाईंचा लेक मच्छिंद्र पलटणीतून परत आला त्या वर्षी जे घडलं, ते मी जवळून पाहिलं आहे. तेच तुम्हांला सांगते.

माझं लोखंड आधी जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये होतं. तिथला जुना बॉयलर मोडीत निघाला आणि त्याच्या जाड पत्र्याचा एक तुकडा कुंभार पिंपळगावच्या कडूबा लोहारानं आणला. दोन दिवस त्यानं मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. मग दोन्ही बाजूंना धरायला दोन कान बसवले आणि आठवडी बाजारात मांडलं. चतुराबाई तिथं माहेरी आल्या होत्या. त्यांनी मला बोटानं वाजवून पाहिलं.

"टिकंल का रे?" त्यांनी विचारलं.

"माय, तुमची सून वापरंल, मंग तिची सून वापरंल," कडूबा म्हणाला. "फक्त वली ठेवू नका."

त्या वेळी चतुराबाईंचा एकुलता एक मच्छिंद्र पाच वर्षांचा होता. पुढं पंधरा वर्षं माझी चांगली गेली. पिठलं, झुणका, वांगी, सगळं माझ्यात व्हायचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणातल्या चुलीवर मटण शिजायचं. चतुराबाई ते सकाळी चढवायच्या आणि दुपारी उतरवायच्या. वरती बोटभर तेलाचा तवंग यायचा. येणारा-जाणारा म्हणायचा, "चतुराबाई, हाताला चव हाय तुमच्या." त्या माझ्याकडं बघून म्हणायच्या, "हाताला न्हाई, कढईला."

मच्छिंद्रचं लग्न झालं, तुळजा सून म्हणून घरात आली. वर्ष झालं नाही तोच तो पलटणीत भरती झाला. त्याला फार लांब, समुद्रापलीकडं सिंगापूरला धाडलं. दोन वर्षं कागद येत राहिले. मग सिंगापूर पडलं, आपले शिपाई जपान्यांच्या कैदेत गेले असं लोक बोलू लागले, आणि कागद यायचे थांबले.

त्यानंतर चतुराबाईंनी मटण केलं नाही. मला मागच्या भिंतीला टांगलं. पुढं खुंटी निघाली, तशी मी खाली आले आणि कोंबड्यांच्या पाण्याला लागले. माझ्यात पाणी साचून राहायचं. आधी कडेला तांबूस डाग पडले, मग सगळं अंग खरखरीत झालं. राग नव्हता मला. घरात माणसंच जेमतेम जेवत होती.

भावकीतल्या बाया येऊन तुळजाला सांगायच्या, आता कुंकू लावू नको. तुळजा मान खाली घालून भाकरी थापत राहायची. चतुराबाईच उत्तर द्यायच्या, "सरकारी कागद आल्याबिगर या घरात कोणी काई पुसणार न्हाई."

लढाई संपल्यावर पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी मच्छिंद्र दारात उभा राहिला. चतुराबाईंनी त्याला आवाजावरून ओळखलं. अंगावर मांस असं नव्हतंच.

घरात आनंद झाला, पण तो फार दिवस टिकला नाही. मच्छिंद्र फारसं बोलत नव्हता. भिंतीला पाठ लावून बसायचा, दोन घास खायचा, उरलेली भाकरी उशाखाली लपवायचा. तुळजाला ते वाळलेले तुकडे सापडले. तिनं ते परत जागच्या जागी ठेवले आणि कोणाला सांगितलं नाही. चतुराबाईंनी पितळी पातेल्यात मटण केलं, पहिल्यासारखं, तवंगाचं. त्याच्या पोटात ते ठरलं नाही. अंगणात जाऊन त्यानं सगळं ओकून टाकलं.

"माझ्या हातचं गोड लागंना का रे तुला?" चतुराबाई म्हणाल्या.

"तसं न्हाई, माय." एवढंच बोलून तो आत गेला.

दिवसेंदिवस तो आणखी वाळत चालला. तुळजा भांडी घासायला माझ्या शेजारी बसायची आणि घासता घासता थांबायची. चार वर्षं वाट बघून आलेला माणूस आता घरात बसल्या बसल्या हातचा जातो की काय, ही भीती तिच्या तोंडावर दिसत होती.

मग एका बाजारच्या दिवशी मच्छिंद्र आपण होऊन बाहेर पडला. परत आला तेव्हा त्याच्या हातात हिरवट पांढरा गड्डा होता आणि पळसाच्या पानात पावशेर खिमा.

"हे काय आणलं?" चतुराबाईंनी विचारलं.

"पत्तागोबी. जालन्याचा माळी घिऊन आल्ता."

"असली पानं आपल्या घरात कोण खातंय?"

त्यानं गड्डा आणि खिमा चुलीपाशी ठेवला. तो मागच्या अंगणात आला, माझ्यातलं पाणी ओतून दिलं आणि मला उलटीपालटी करून बघितलं. मग विटकरीचा चुरा, राख आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन घासायला बसला. किती वेळ घासलं असेल! गंज गेला, आतलं लोखंड दिसू लागलं. मग मला चुलीवर धूर निघेपर्यंत तापवलं आणि करडईच्या तेलाचं बोट सगळीकडं फिरवलं. चार वर्षांनी मला ऊब मिळाली.

तुळजा दारात उभी होती. "मी करते की," ती म्हणाली.

"तू पऱ्हाट्या घाल चुलीत. जाळ मोठा पायजे."

तिनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारल्या. जाळ माझ्या बुडाला भिडला. मच्छिंद्रनं खिमा माझ्यात पातळ पसरला आणि हलवलाच नाही, खालून लाल होऊ दिला. मग ठेचलेला लसूण, आलं, दोन मिरच्या. पत्तागोबी विळीवर न घेता हातानंच मोठी मोठी तोडली. आधी जाड दांडे टाकले, मग पानं. उलथनं सारखं फिरत होतं, आणि फिरवता फिरवता, घरी आल्यापासून पहिल्यांदाच, तो सलग बोलू लागला.

"तिथं लिम नावाचा चिनी आचारी व्हता. आमच्या कैदखान्याच्या बाजूला त्याची खानावळ व्हती. आम्हाला रोज कामाला नेत तवा तो वाटंवर एक डबा ठेवायचा. वरची टाकायची पानं असायची, मांसाची खांडं असायची, पण अशीच परतलेली. तेवढ्यावर आम्ही चौघं जगलो."

"त्याला कोणी पाहिलं न्हाई?" तुळजानं हळूच विचारलं.

"पाहिलं. एक दिवस जपान्यांनी त्याला धरून नेलं. मंग डबा न्हाई आला. लिम बी न्हाई आला."

त्यानं चिंच-गुळाचं पाणी माझ्या कडेनं सोडलं. चर्र आवाज झाला, आंबटगोड वास अंगणभर गेला. "तिथं काळं, खारट पाणी टाकतेत. इथं कुठून आणू? चिंच चालंल," म्हणत त्यानं मीठ टाकलं आणि मला लगेच खाली उतरवलं. वाटीभर पाणी उकळायला लागतो तेवढ्या वेळात सगळं झालं होतं.

चतुराबाई लांब बसून बघत होत्या. त्यांच्या ताटात वाढलं तेव्हा त्यांनी एक पान उचलून दाताखाली धरलं. "अर्धं कच्चंच हाय की," त्या म्हणाल्या. पण घास टाकला नाही.

मच्छिंद्रनं ज्वारीची एक भाकरी खाल्ली. मग तुळजाकडं न बघताच म्हणाला, "आणखी अर्धी दे." चतुराबाईंनी तोंड भिंतीकडं केलं आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या रात्री उशाखाली भाकरी गेली नाही. पुढं कधीतरी एखादी जायची, पण ते कमी कमी होत गेलं. महागाईचे दिवस होते, मटण परवडत नव्हतं. तरी बाजारच्या दिवशी पावशेर खिमा आणि एका गड्ड्यात घर जेवायचं, आलेला पाहुणाही जेवायचा. तुळजा ते शिकली. चतुराबाई मात्र नावं ठेवत ठेवतच दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

पुढच्या हिवाळ्यात बाजारात पहिली पत्तागोबी आली. त्या दिवशी चतुराबाईंनी स्वतः उलथनं हातात घेतलं. ताटं चार वाढली. घरात माणसं तीन होती.

"माय, हे कोणाचं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"त्या लिमला आई आसंल ना?"

"म्हाईत न्हाई."

"आसंल," चतुराबाई म्हणाल्या. "तिचा लेक न्हाई आला. माझा आला."

मग ते चौथं ताट त्यांनी शेजारच्या एकट्या म्हातारीला नेऊन दिलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात पहिल्या पत्तागोबीचं एक ताट त्या घरातून बाहेर जाऊ लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कढई असली तर तिच्यात पाणी साचू देऊ नका. पुसून कोरडी करा, तेलाचं बोट लावा. आणि लांबून, फार सोसून कोणी घरी आलं, तर त्याला प्रश्न विचारायची घाई करू नका. आधी त्याला काय खाता येतंय ते बघा, आणि त्याच्या चुलीत पऱ्हाट्या घालत बसा.