जटेचं हळदकुंकू

अपेक्षाने क्रोशाची सुई घेऊन अख्खा रविवार माझे केस ओढले, तेव्हा कुठे केस गुंतवून वळलेले बावीस दोर, म्हणजे ड्रेडलॉक्स, झाले. आम्ही दोघी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर. आठ तास सगळ्यांचा एकच गणवेश, एकच टोपी. निदान डोकं तरी आपलं असावं, एवढंच आमचं म्हणणं होतं. तिने स्वतःचे केस निळे केले.

घरी आप्पा तमाशा करतील, आई रडेल, याची मी तयारी ठेवली होती. उत्तरंसुद्धा पाठ केली होती. पण आईने केस पाहिले आणि हातच जोडले. सोलापूरकडचं गाव सोडून दिघीत येऊन वीस वर्षं झाली, तरी गाव काही डोक्यातून गेलं नाही. शेजारच्या गिरजाबाई ताट घेऊन आल्या, माझ्या केसांना हळदकुंकू लावलं, पोरीला जट आली, घरात देवी आली म्हणाल्या. अहो, ही फॅशन आहे, मैत्रिणीने बनवलीय, असं मी घसा फुटेस्तोवर सांगितलं. देवी कुणाच्याही हातून करवून घेते, असं उत्तर मिळालं. जन्मात पहिल्यांदा बंड केलं, तर घरच्यांनी त्याची पूजा मांडली. इतका संताप आला की रडूही येईना.

सोमवारी गेटवर सुपरवायझर जयसिंग सरांनी दोघींना अडवलं. असली थेरं इथे चालणार नाहीत. केस कापा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. दोघींनीही नाही म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं. काम हाताने करते, केसांनी नाही, असं अपेक्षाने सुनावलंही. तेवढ्यात सरांना माझ्या केसांतली हळद दिसली. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"जट आहे का गं? देवीची?"

अपेक्षा माझ्याकडे बघत होती. नोकरी गेली तर घरचे मला पाटावर बसवून आल्यागेल्याला पाया पडायला लावणार, हे मला दिसत होतं. बाहेर पडायला माझ्याकडे ही नोकरी सोडून दुसरं काही नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

सरांनी बूट काढून नमस्कार केला. मोठी टोपी मागवून देतो म्हणाले. अपेक्षाला मात्र कार्ड जमा करायला सांगितलं. हे केस मीच केलेत, एवढं ती बोलली असती तर मीही तिच्याबरोबर बाहेर असते. तिने कार्ड काढून दिलं आणि सगळ्यांसमोर मला हात जोडले.

"जा, आई," ती म्हणाली. "शिफ्ट सुरू होईल."

मी आत गेले.