बायोडेटातून खोडलेली ओळ

नोकरीसाठी बायोडेटा करायला बसलं की घरात सल्लागारांना तोटा नसतो. ताईच्या घरी सल्लागार एकच, तिचा धाकटा भाऊ. पण तो चौघांना पुरून उरणारा होता.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने छापखान्यातली नोकरी सोडली. आईच्या उशाशी बसून, कानात इयरफोन घालून ती इंटरनेटवर संगणकशास्त्र शिकली. पहिल्या धड्यापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत सगळं फुकट. मग आई गेली आणि ताईला कशाचंच काही वाटेनासं झालं. दूध उतू गेलं तरी ती नुसती बघत उभी राहायची.

"ही ओळ काढतो बरं का," भाऊ म्हणाला. "म्हणे मोफत ऑनलाइन अभ्यास! हसतील लोक. माझ्या मित्राचा क्लास आहे, तो देईल प्रमाणपत्र. तेच जोडू."

"जोड," ताई म्हणाली. तिने नीट ऐकलंही नव्हतं.

नोकरी एका इस्पितळाच्या संगणक विभागात होती. ती मिळवणं भागच होतं. भावाच्या जिवावर किती दिवस काढणार? मुलाखतीला विभागप्रमुख बाई बसल्या होत्या.

"या क्लासमध्ये शिकवायचं कोण?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायलाही थोडी उमेद लागते. ताईकडे तेवढीही नव्हती. "माहीत नाही. मी तिथे कधी गेलेच नाही."

"मग शिकलात कुठे?"

"घरी. इंटरनेटवर. फुकट."

"शिकून काही केलंत?"

ताई सपाट आवाजात सांगू लागली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आईची कूस सतत बदलावी लागे. कधी ती बदलायची, कधी भाऊ, आणि आधी कोणत्या कुशीवर होती याचा घोळ व्हायचा. म्हणून तिने फोनसाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. वेळ झाली की दोघांचेही फोन वाजायचे आणि कोणती कूस ते दिसायचं.

"शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही," एवढं बोलून ती थांबली.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, हे झाकून तुम्ही खोटं जोडलंत! धडे फुकट मिळाले असतील, पण अभ्यास तुम्ही केलात ना? जे शिकलात, जे बनवलंत, ते जसंच्या तसं लिहा. पदवी म्हणून मिरवू नका आणि लाजून लपवूही नका." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण खोट्या प्रमाणपत्राचा हा अर्ज मला पुढे पाठवता येणार नाही. पुन्हा जागा निघेल तेव्हा खरा अर्ज घेऊन या."

घरी आल्यावर ताईने भावाला सगळं सांगितलं. प्रोग्रामचं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. फोन वाजला की डोळे चोळत तोही तर उठायचा, आईला वळवायचा. आणि ज्या अभ्यासातून तो प्रोग्राम आला, त्याचीच ओळ त्याने खोडली होती!

"ताई, चुकलो गं. मी घालवली तुझी नोकरी." त्याने संगणक उघडला. "सांग, काय लिहू?"

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. शेवटी त्याने वाचून दाखवलं, "अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी प्रोग्राम तयार केला." ते ऐकलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच ताईला रडू फुटलं. भाऊ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मंडळी, तुमच्याही घरात कोणी फी न भरता शिकत असेल. त्याला कॉलेजचं नाव विचारण्याआधी काय शिकलास ते विचारा. आणि ती ओळ बायोडेटात मानाने लिहू द्या!