पायाखालचं गोड पाणी

गाडीतलं पाणी नक्की जातं कुठं, या एका प्रश्नानं दिवाळीपासून आप्पासाहेबांना घेरलं होतं. भोकरजवळच्या गावात त्यांच्या दारी ती पांढरी गाडी तेवीस वर्षांपासून होती. आतापर्यंत तिघांनी ती विकून टाकायचा सल्ला दिला होता आणि त्या तिघांशीही आप्पासाहेब आता कामापुरतंच बोलत.

भोकरच्या रामकिशन मिस्त्रीनं गाडीवर दोनदा हात फिरवला होता. पहिल्यांदा रेडिएटरचा वरचा पाइप बदलला. दुसऱ्यांदा त्याला आणखी एक पाइप सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला टेकून भाजून निघालेला सापडला. तिथं त्यानं नवा पाइप लावला, तो बॅटरीच्या बाजूनं वळवून घेतला आणि तारेनं नीट बांधला. त्यानंतर जमिनीवर थेंब पडेना. तरी दर चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी गायब व्हायचंच.

"आता इंजिन खोलून पाहावं लागंल," रामकिशन म्हणाला, आणि ऑपरेशनचं नाव काढल्यासारखा आप्पासाहेबांचा चेहरा पडला.

या सगळ्यात त्यांच्या बायकोला, सिंधुबाईंना, कोणी काही विचारलं नव्हतं. त्या बसायच्या डावीकडं, पुढच्या सीटवर. पायाखालची चटई ओली लागते हे त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं.

"तुझी बाटली गळत असंल," आप्पासाहेब म्हणाले होते.

सिंधुबाईंनी बाटली बदलली. नवी स्टीलची, घट्ट झाकणाची आणली. चटई ओलीच राहिली. मग त्यांनी सांगणं सोडून दिलं आणि पाय जरा उजवीकडं घेऊन बसायची सवय लावून घेतली.

जानेवारीत लातूरहून लेकीचा, उज्ज्वलाचा, फोन आला. नात सृष्टीची शाळा खो-खोच्या जिल्हा स्पर्धेत अंतिम सामन्यात पोचली होती. सामना शुक्रवारी दुपारी तीनला. सिंधुबाई स्वतः आठवीपर्यंत खो-खो खेळल्या होत्या, मग शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता.

सकाळी सहालाच ते निघाले. मुदखेडच्या अलीकडं धुकं लागलं आणि समोरची काच धुरकटली. आप्पासाहेबांनी हीटरचा दांडा ओढला. काच साफ व्हायची सोडून जास्तच धूसर झाली, वर तेल पुसल्यासारखा चिकट थर आला. गाडीत गुळाच्या काकवीसारखा गोडसर वास पसरला. सिंधुबाईंच्या लुगड्याचा काठ पायाला चिकटला.

"अहो, पाणी आलं. अन् गरम हाय."

"उन्हानं तापलं असंल."

"साडेसहा वाजता कोणतं ऊन?"

आप्पासाहेबांनी फडक्यानं काच पुसली आणि हॉर्न वाजवला. समोर रस्त्यावर कोणीच नव्हतं.

नांदेडच्या बाजारात दोन तास गेले, लोह्यात चहा झाला. अहमदपूर मागं टाकलं आणि तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. नशिबानं पुढंच एक पंक्चरचं दुकान होतं. आप्पासाहेबांनी गाडी तिथल्या लिंबाखाली घातली, बॉनेट उचललं आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"काका, हात काढा!" दुकानातून एक बाई टायर टाकून धावतच आली. "तोंडावर उकळतं पाणी उडंल की!"

ती गौरम्मा. माहेर उदगीरकडचं, कपाळावर विभूती, हाताला कोपरापर्यंत काळं. नवरा टायर आणायला लातूरला गेला होता आणि दुकान ती एकटीच बघत होती. तिनं दोघांना बाजेवर बसवलं. "अर्धा तास. थंड होऊ दे तिला. घाई करून काय मिळणार?"

अर्ध्या तासात आप्पासाहेबांनी वरचा पाइप, खालचा पाइप आणि रामकिशनचा सगळा इतिहास सांगून टाकला. गौरम्मा इंजिनात डोकं घालून ऐकत होती. सगळं कोरडं होतं.

"बाहेर तर कुठंच गळती नाही, काका."

"तेच तर! हवेत जाऊन राहिलं."

सिंधुबाई बाजेवरून उठल्या. हे असंच चाललं तर सामना संपल्यावर पोचू, हे त्यांना दिसत होतं. "बाई, तुमी जरा हिकडं या," म्हणत त्यांनी डावं दार उघडलं आणि चटई वर उचलली.

खाली हिरवट पाणी साचलं होतं. गौरम्मानं दोन बोटं बुडवली, एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. "गोड वास हाय. बुळबुळीतबी हाय. अव्वा, हे तर रेडिएटरचंच पाणी, कूलंट घातलेलं! आतल्या हीटरमधली, गरम पाणी फिरतं ती जाळी फुटली की."

"दोन महिने झाले मी सांगून राहिले," सिंधुबाई म्हणाल्या.

आप्पासाहेब रस्त्यापलीकडच्या हरभऱ्याकडं फार लक्ष देऊन बघत होते.

"जाळी बदलायची म्हणजे सगळा डॅशबोर्ड काढायचा," गौरम्मा म्हणाली. "ते आपल्याच्यानं होत नाही. लातूरला टो करून न्या."

"तीनला सामना हाय," सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं. इंजिनातून दोन पाइप निघून मागच्या पत्र्यातून आत जात होते. "ह्यातून पाणी आत जातं, अन् ह्यातून परत येतं?"

"हां."

"मग आत जाऊच कशाला द्यायचं? आमच्या हळदीत ठिबकची एखादी लाइन फुटली तर मी ती सोडून देते. पाणी अलीकडंच वळवून पुढं घेते. तसं हितं न्हाई का करता येत?"

गौरम्मानं त्यांच्याकडं पाहिलं, मग पाइपांकडं पाहिलं आणि हसायलाच लागली. "येतंय की! का नाही येत?"

"अन् मग हीटर?" आप्पासाहेब घाईनं म्हणाले. "हीटर बंद पडंल ना!"

"काका, लातुरात हीटर?" गौरम्मा म्हणाली. "मे महिन्यात लावता का?"

गौरम्मानं एक पाइप पूर्ण काढून टाकला. दुसरा, लांब होता तो, पत्र्याकडून सोडवून इंजिनाच्या दुसऱ्या तोंडाला आणून लावला. पहिल्यांदा तो मधेच दुमडला.

"असं न्हाई, पाणी अडंल," सिंधुबाई म्हणाल्या. "वळण मोठं घ्या."

त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी पाइप धरून ठेवला. गौरम्मानं पट्ट्या आवळल्या. पुढं तो तापलेल्या नळीला टेकत होता, म्हणून त्याला रामकिशनसारखंच तारेनं बाजूला ओढून बांधलं. ती तार आप्पासाहेबांनी पिळली, न सांगता. मग झाकण उघडं ठेवून पाणी ओतलं, इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत तिघं रेडिएटरच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. काटा मधोमध येऊन थांबला.

"अक्का, दुकानात कामाला येता का?" गौरम्मानं विचारलं. सिंधुबाईंच्या बोटांना ग्रीस लागलं होतं. ते त्यांनी चाकूरपर्यंत पुसलं नाही.

मैदानावर पोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. सृष्टीनं तीन गडी बाद केले, त्यातला एक खांबाजवळ असा सूर मारून की सिंधुबाई खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. तरी तिचा संघ एका गुणानं हरला. सृष्टी दहा मिनिटं रडली, मग घरी जाऊन तिनं चार धपाटी खाल्ली.

संध्याकाळी जावई भागवत यांनी सहज विचारलं, "मामा, गाडीनं त्रास नाही ना दिला?" एवढं पुरे होतं. आप्पासाहेब त्यांना खाली घेऊन गेले, बॉनेट उघडलं आणि शेजारचे दोघं जमल्यावर पहिल्यापासून सुरुवात केली. गॅलरीत उभ्या सिंधुबाई ऐकत होत्या. बाटलीचा भाग आप्पासाहेबांनी गाळला, पण ठिबकच्या लाइनपाशी आल्यावर त्यांचा आवाज चढला. "हे हिनं काढलं! मिस्त्रीला दोन महिने सापडलं न्हाई, ते हिनं!"

दुसऱ्या दिवशी परतताना लोह्याच्या पुढं आप्पासाहेबांनी गाणं बंद केलं आणि गाडी हळू केली.

"सिंधु, काही वास, आवाज, काही येऊन राहिला का?"

सिंधुबाईंनी काच खाली केली, कान दिला आणि पुरा एक किलोमीटर ऐकत राहिल्या.

"मागचं डावं चाक जरा कुरकुर करून राहिलं," त्या म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी लगेच गाडी बाजूला घेतली.