मेघबाबांची जीभ आणि मेलेला सर्व्हर

मीटिंग रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. विक्री विभाग टेबलावर चढून बसला होता आणि अकाउंट्सच्या काकूंनी घरचा बंद पडलेला मिक्सर आणला होता. बाबांची नजर पडली तर पडली.

बाबा म्हणजे आमचे नवे सल्लागार. क्लाउडचं काम बघतात म्हणून कुणीतरी त्यांना मेघबाबा म्हटलं, आणि ते नाव त्यांनी लगेच अंगाला लावून घेतलं.

मालकांनी सरावासाठी ठेवलेला एक सर्व्हर सगळ्यांदेखत डिलीट केला. पडद्यावरच्या यादीतून तो गेला. बाबा डोळे मिटून पुटपुटले, "एपीआय एपीआय, येई येई." जरा वेळाने यादीत सर्व्हर पुन्हा उगवला. टाळ्यांनी कानठळ्या बसल्या.

"सर्व्हर मरत नसतो," बाबा म्हणाले. "ढगात विलीन होतो. फक्त हाक मारणारा अधिकारी पुरुष हवा."

मी तिथे सॉफ्टवेअर तपासते. संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. मी म्हटलं, "हाक न मारता येतो का, ते एकदा बघू या." सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मिक्सर मीच बिघडवला होता.

इथवर गंमत होती. पण मग मालक म्हणाले, "बाबा असताना रोज बॅकअप कशाला घ्यायचा? उद्यापासून बंद."

मालकांच्या थोरल्या बहिणीचा दवाखाना होता आणि तिथल्या पेशंटांची सगळी माहिती आमच्याच एका सर्व्हरवर होती. कुणाला कोणतं औषध चालत नाही, तेसुद्धा. मी डॉक्टरताईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा बाबांभोवती दरबार भरलेलाच होता. ताई अदबीने म्हणाल्या, "तुमचा आवाज बसलेला वाटतो. एवढे मंत्र म्हणायचे तर घशाची हयगय नको. आ करा पाहू."

भक्तांसमोर नाही कसं म्हणणार? बाबांनी आ केला. ताईंनी जिभेवर पट्टी दाबली आणि मला डोळ्यांनी खुणावलं. मी सरावाचा सर्व्हर डिलीट केला.

"आआ आआ," बाबा म्हणाले.

"बोलू नका, टॉन्सिल दिसत नाहीत."

सर्व्हर उगवला.

"मनातल्या मनात म्हटलं असेल त्यांनी," काकू म्हणाल्या.

मग मी बाबांनीच लिहिलेलं टेम्प्लेट पडद्यावर उघडलं. त्यात 'एक' होतं तिथे 'तीन' केलं आणि नावाच्या जागी 'बाबा' टाकलं. थोड्याच वेळात यादीत तीन बाबा हजर झाले. चौथ्याच्या तोंडात अजून पट्टी होती.

"कोणत्या मापाचे, किती सर्व्हर हवेत, एवढंच यात लिहिलंय," मी सांगितलं. "एक प्रोग्राम सतत ताडून बघतो आणि कमी दिसला की नवा उभा करतो. कुणी हाक मारली काय नि जांभई दिली काय."

"पण परत येतो ना?" मालक अडून बसले.

"उघडून बघ," ताई म्हणाल्या.

सकाळी मी सरावाच्या सर्व्हरवर काही खोट्या पेशंटांची माहिती ठेवली होती. आता तिथे काहीच नव्हतं. मालक एकेक फोल्डर उघडून बघत राहिले. आतून सगळे रिकामे.

"नकाशा असला की गवंडी तसंच घर पुन्हा बांधतो, बाळ्या," ताई म्हणाल्या. "कपाटातले कपडे नकाशात नसतात. माझे पेशंट असे गेले असते."

अख्ख्या ऑफिससमोर बाळ्या झालेले मालक हळूच म्हणाले, "बॅकअप चालू ठेवा."

बाबा जबडा चोळत होते. "टेम्प्लेट मात्र मी चांगलं लिहिलं होतं," ते कसंनुसं म्हणाले.

"उत्तम लिहिलंय," मी म्हटलं. "मग तेच सांगायचं होतं की."

खरंच, त्यांच्या त्या कामाला आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या असत्या. ज्याला काम येतं, त्याला मंत्राची गरज नसते. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायची घाई करू नका. आधी त्याला गप्प बसवा आणि पुन्हा बघा. तरीही तेच घडलं, तर कारण त्याच्या तोंडात नाही. ते दुसरीकडे आहे आणि शोधलं की सापडतं.