हॉर्न वाजला, बाकी उद्या

“ताई, ह्यात मी कुठे आहे?”

हॉस्पिटलच्या खाटेवर ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. धाकटा भाऊ आत येताना दिसला तशी तिने घाईघाईने दोन शब्द टाईप केले आणि झाकण मिटायला गेली. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बोट दाखवून हे विचारलं. ती नाकातली नळी सारखी करत हसली. काही सांगणार तोच नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली, आणि तो पाय आपटत निघून गेला. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा ती बोलण्यापलीकडे गेली होती.

ज्याच्याकडे त्याने बोट दाखवलं तो मी. मी तिचा ब्लॉग बोलतोय. मला हातपाय नाहीत, धूळ बसायला अंगही नाही. तिच्या लॅपटॉपमधून जेवढं दिसलं, ऐकू आलं, तेवढंच माझं जग.

माझा जन्म रागातून झाला. एक जपानी चित्रकथा वाचून ती रडत बसली होती. आईने विचारलं, कांदा चिरलास का? भाऊ म्हणाला, कार्टून बघून कोण रडतं? घरात कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून तिने मला उघडलं. घरच्यांना जे कळलं नाही ते मला सांगितलं, याचा मला फार तोरा होता.

दिवसभर ती एका प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घडवायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा नखांत प्लास्टर तसंच असायचं, आणि कीबोर्डची बटणं पांढरी व्हायची. मग ती लिहायची. आपण ज्याला शेवटचं पान म्हणतो तिथून ही जपानी पुस्तकं का सुरू होतात. एका अख्ख्या पानावर नुसता पंखा का फिरतो आणि कुणी एक शब्द का बोलत नाही. ज्यात काहीच घडत नाही अशी कादंबरी मिटल्यावर झोप का लागत नाही. एकदा तिने नुसतं दातांवर लिहिलं. या चित्रांतल्या पोरांचे डोळे बशीएवढाले, पण तोंड उघडलं की दातांची एक सलग पांढरी पट्टी. ‘अशी कवळी मी करून दिली तर डॉक्टर मला दारात उभं करणार नाहीत,’ असं तिने लिहिलं, आणि माझे वाचक हसून लोळले.

वाचक तसे मोजकेच, पण जिवाला जीव देणारे. एक स्वतःला मांजरवाली म्हणवायची, एक निवृत्त मास्तर. दोघांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तरी ती त्यांची ताईच होती.

मला एकच वैरी होता. तिचा भाऊ.

तो एका बेकरीची व्हॅन चालवायचा. आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला, डोक्यात येईल ते करून मोकळा होणारा. घरासमोरची गल्ली अरुंद आणि त्याला गाडी मागे घेता यायची नाही. खाली आला की दोनदा हॉर्न. तो वाजला की ताई वाक्य तसंच लटकत ठेवायची, ‘बाकी उद्या’ लिहायची आणि चपला अडकवून पळायची. खिडकीतून तिचा आवाज यायचा, “येऊ दे… येऊ दे… बस.” मग गाडीच्या पाठीवर एक थाप. मग दोघं हसत वर यायची, गरम पाव फोडायची, आणि मी टेबलावर अर्धं वाक्य तोंडात धरून बसलेला. माझा तिळपापड व्हायचा. गाडी मागे घेता येत नाही तर हा माणूस ती चालवतो कशाला?

त्यालाही मी डोळ्यांसमोर नको असायचो. “तुझी ती जपानी मंडळी आजारपणात डबा घेऊन येतील का?” असं तो टोचायचा. ती खरंच आजारी पडली तेव्हा डबा त्यानेच पोचवला. पण शुद्धीवर आल्यावर तिने आधी लॅपटॉप मागितला, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

शेवटचं तिने लिहिलं ते मराठीत आलेल्या एका जपानी कादंबरीवर. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुणी लाल छत्री टाकून जातं आणि न्यायला परत येतच नाही. म्हातारा वर्षानुवर्षं ती सांभाळतो. त्या छत्रीचं शेवटी काय झालं, ते सांगायचं राहिलं. बाकी उद्या.

ती गेल्यावर एका संध्याकाळी त्याने मला उघडलं. खाली मास्तरांचा प्रश्न होता, ताई, छत्रीचं काय झालं? मांजरवालीचा होता, बऱ्या आहात ना? त्याचं डोकं सणकलं. “मी गेलो दवाखान्यात, खांदा मी दिला, आणि यांना छत्री पाहिजे.” बटणं दाबत दाबत तो तिथपर्यंत पोचला जिथे मीच विचारतो, ब्लॉग कायमचा काढून टाकायचा का? नक्की?

“काय करतोस रे?” आईने विचारलं.

“पुसतोय.”

“न वाचता? शाळेत पुस्तक उघडलं नाहीस, निदान हे तरी उघड.”

तो थांबला. म्हणाला, बरं, वाचतो. ह्यात मी सापडलो तर ठेवतो. नाही सापडलो तर पुसतो.

माझं धाबं दणाणलं. कारण त्याचं नाव माझ्यात कुठेच नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याच गोष्टीवर मी खूश होतो.

त्याने वरून सुरुवात केली. माझ्यात नवं लेखन वर असतं आणि जुनं खाली, हे त्याला कुठलं माहीत? एकेका शब्दाखाली बोट धरून तो मोठ्याने वाचायचा, आई कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. वरचं सगळं दोन-चार ओळींचं, थकलेलं. जसजसा तो खाली गेला तसतसा तिचा खोकला कमी झाला. ती जिने चढायला लागली. पुन्हा कामावर जाऊन डॉक्टरांशी भांडायला लागली.

“उलटं वाचतोयस तू,” आई म्हणाली.

“असू दे. सुलट वाचून काय होतं ते माहीत आहे.”

मग तो कामावरून आला की आई पाण्याचा पेला पुढे करून विचारायची, “आज कुठपर्यंत बरी झाली?” दातांचं आलं तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसली, ती गेल्यापासून पहिल्यांदा. तो मात्र धुसफुसत होता. जिथे तिथे अर्धवट. हिने एक तरी गोष्ट पुरी करायची होती. आणि मी कुठे आहे?

“ते खाली बारीक लिहिलंय तेही वाच,” आई म्हणाली.

लोकांचं लिहिणं तो मुद्दाम गाळत आला होता. कपाळाला आठ्या घालून त्याने वाचलं. मांजरवालीने विचारलं होतं, ताई, ऐन रंगात आल्यावर ‘बाकी उद्या’ का? ताईने लिहिलं होतं, हॉर्न वाजला. त्यावर मास्तर, त्या हॉर्नवाल्याला जरा उशिरा यायला सांगा की. आणि त्याखाली ताई,

‘नको. तो उशिरा आला की मला एक ओळ सुचत नाही. सगळे कान खाली.’

त्याने ते दोनदा वाचलं. मग भराभर वर जायला लागला. जिथे जिथे ‘बाकी उद्या’ दिसलं तिथे काचेवर बोट टेकवत गेला. “हा मी. हा पण मी. आई, हा पण.” अगदी वरच्या, हॉस्पिटलमधल्या ‘बाकी उद्या’वर त्याचं बोट कितीतरी वेळ राहिलं.

खरं सांगतो, तेव्हाही मला हेवाच वाटला. माझ्या प्रत्येक लेखाचा शेवट त्याचा होता.

आता माझ्यात नवं काही येणार नाही. तुम्ही कधी इकडे फिरकलात तर वरून वाचा किंवा खालून, पण खाली बारीक लिहिलेलं गाळू नका.

त्याने मला पुसलं नाही. कपाटातून ती छत्रीची कादंबरी काढली, अडखळत का होईना शेवटपर्यंत वाचली आणि मास्तर, मांजरवाली, सगळ्यांसाठी एका बोटाने लिहायला बसला. ‘म्हातारा दुकान बंद करताना लाल छत्री उघडून दाराबाहेर ठेवतो. ज्याला लागेल त्याने न्यावी म्हणून. आमची ताई गेली. हॉर्न मी वाजवायचो.’ सवयीने त्याखाली काय येतं ते त्याला आता ठाऊक होतं. ‘बाकी’ असं त्याने लिहिलंही. मग तो शब्द खोडला, तिथे ‘बस’ लिहिलं, आणि बटण दाबलं.